पुण्याच्या पश्चिमेचे डोंगर आणि तिथून निघणाऱ्या नद्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात पाणीकपात होणार की नाही, भिडे पूल पाण्याखाली जाणार की नाही, हे शहरापासून पन्नास-साठ किलोमीटरवरच्या घाटमाथ्यावर ठरतं. डोंगरात फिरणारे, नदीकाठी राहणारे, घर शोधणारे आणि वारीला जाणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

पुण्यातून नेमक्या किती नद्या वाहतात?

मोठ्या नद्या तीन: मुळा, मुठा आणि पवना. पवना पिंपरी-चिंचवडमधून येऊन दापोडीजवळ मुळेला मिळते. पुढे संगम पुलाजवळ मुळा आणि मुठा एकत्र येतात आणि तिथून नदीचं नाव मुळा-मुठा होतं. याशिवाय रामनदी, देवनदी, आंबिल ओढा, नागझरी असे लहान प्रवाह आहेत. बऱ्याच जणांना ते नाले वाटतात, कारण आज त्यांत सांडपाणी दिसतं. पण प्रत्येकाला स्वतःचा डोंगर आणि स्वतःचं पाणलोट क्षेत्र आहे, आणि पावसाळ्यात ते दिसतंच.

इंद्रायणी देहू-आळंदीवरून शहराच्या उत्तरेने जाते आणि तुळापूरला भीमेला मिळते.

मुठेचा उगम कुठे? काही जण आंबी म्हणतात, काही मोसे.

दोन्ही नावं बरोबर आहेत, त्या वेगळ्या नद्या आहेत. खडकवासल्याच्या वर तीन खोरी आहेत. आंबी नदीवर पानशेत धरण आहे (तानाजी सागर), मोसे नदीवर वरसगाव (वीर बाजी पासलकर जलाशय) आणि खुद्द मुठेवर टेमघर. या तिन्ही नद्या सांगरुणच्या परिसरात एकत्र येतात आणि खडकवासल्याच्या जलाशयात शिरतात. म्हणून ‘खडकवासला साखळी’ म्हणताना चार धरणं धरली जातात.

त्यांची क्षमता लक्षात ठेवण्यासारखी आहे: टेमघर 3.71, वरसगाव 12.82, पानशेत 10.65 आणि खडकवासला अवघं 1.97 टीएमसी (साठ्याचं माप, पुढे समजावलं आहे). एकूण 29.15. शहराला आणि कालव्याला पाणी देणारं धरण सगळ्यात लहान आहे, त्यामुळे ते दर पावसाळ्यात लवकर भरतं आणि त्यातून विसर्गही लवकर सुरू होतो. ‘धरण भरलं’ ही जुलैतली बातमी बहुतेक वेळा खडकवासल्याची असते. तेवढ्यावर वर्षाचं पाणी झालं असं समजू नये. वरसगाव आणि पानशेतचा साठा पाहावा.

समुद्र पश्चिमेला इतका जवळ असताना या नद्या पूर्वेला का जातात?

सह्याद्री म्हणजे दख्खनच्या पठाराची पश्चिमेकडची तुटलेली कड. पठाराचा उतार पूर्वेकडे आहे, तोही अगदी मंद. त्यामुळे कड्याच्या अलीकडे पडलेलं पाणी पूर्वेला वळतं: मुळा-मुठेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि तिथून बंगालच्या उपसागरात. कड्याच्या पलीकडे पडलेलं पाणी पाच-सहाशे मीटर खाली कोकणात उतरतं आणि थोड्याच अंतरात अरबी समुद्र गाठतं.

राजमाचीवर हे स्पष्ट दिसतं. किल्ल्याखालच्या दरीतलं पाणी उल्हास नदीत जातं, तर मागे लोणावळ्याच्या बाजूचं पाणी इंद्रायणीत. दोन्हीकडे पाऊस एकाच ढगाचा.

कोकणातल्या नद्यांचा उतार तीव्र असल्यामुळे त्या कडा वेगाने कोरतात आणि दर पावसाळ्यात घाटमाथा थोडा थोडा पूर्वेकडे सरकतो. आपल्या आयुष्यात ते जाणवत नाही, पण दरडी कोसळतात तो याच कामाचा भाग.

कोणत्या डोंगराचं पाणी कोणत्या नदीत जातं, हे जागेवर कसं ओळखायचं?

डोंगररांगा बहुतांश पश्चिमेकडून पूर्वेकडे पसरलेल्या आहेत आणि दोन रांगांच्या मध्ये एक खोरं. मावळातली जुनी नावंही खोऱ्यांचीच आहेत: पवन मावळ, नाणे मावळ, मोसे खोरं, मुठे खोरं, गुंजण मावळ, कानद खोरं, वेळवंड खोरं. ही नावं कळली की नकाशा अर्धा कळला.

उत्तरेकडून सुरुवात करू. कार्ल्याची लेणी इंद्रायणीच्या उत्तरेला, भाज्याची दक्षिणेला. भाज्याच्या पाठीशी लोहगड-विसापूरची रांग आहे. या रांगेच्या उत्तर उताराचं पाणी इंद्रायणीत, दक्षिण उताराचं पवनेत. लोहगडाच्या विंचूकड्यावर उभं राहिलं तर पवना धरणाचा फुगवटा समोर पसरलेला असतो. त्यापलीकडे तुंग-तिकोन्याची रांग, आणि ती ओलांडली की मुळेचं खोरं. मुळेच्या दक्षिणेला मुठा, मोसे, आंबी अशी क्रमाने खोरी लागतात.

सगळ्यात चांगलं उदाहरण सिंहगडाचं. पुणे दरवाज्याच्या बाजूचं, म्हणजे उत्तर उताराचं पाणी डोणज्याकडून मुठेच्या खोऱ्यात उतरतं. दक्षिणेला कल्याण दरवाज्याच्या बाजूला पडलेलं पाणी शिवगंगेत जातं, शिवगंगेतून गुंजवणीत आणि गुंजवणीतून नीरेत. म्हणजे गडाच्या एका अंगाचं पाणी शहरातून वाहतं, दुसऱ्या अंगाचं शहराला वळसा घालून निघून जातं. ही दोन्ही पाणी पुन्हा भेटतात ती थेट इंदापूर तालुक्यात नीरा-नरसिंहपूरला, जिथे नीरा भीमेला मिळते.

सिंहगडापासून हीच रांग कात्रज, दिवे घाट, भुलेश्वर अशी पूर्वेला जाते. तिच्या उत्तरेचं पाणी मुळा-मुठेकडे, दक्षिणेचं नीरेकडे. सासवड-जेजुरीवरून जाणारी कऱ्हासुद्धा शेवटी नीरेलाच मिळते.

जागेवर ओळखायचं असेल तर रांगेची धार शोधा, धारेवर दोन्हीकडे पाय टाकून उभे राहा, आणि दोन्ही बाजूंचे ओहोळ खाली कोणत्या गावाकडे जातात ते पाहा. पायवाटेची दिशा पाहू नका. वाट धार सोडून आडवी जाते, पाणी जात नाही.

मुळशी धरण भरलं की पुण्याला पाणी मिळतं का?

नाही. मुळशीचं पाणी बोगद्यातून आणि नळांतून पश्चिमेला सुमारे 500 मीटर खाली भिऱ्याच्या वीजगृहात सोडलं जातं. वीज तयार झाल्यावर ते कुंडलिका नदीतून अरबी समुद्राकडे जातं. लोणावळा, वळवण, शिरवता, ठोकरवाडी या टाटांच्या धरणांचं पाणीही असंच खोपोली आणि भिवपुरीकडे उतरतं. निसर्गाने पूर्वेला पाठवलेलं पाणी माणसाने पश्चिमेला वळवलं, ते असं.

मुळशी धरणात गावं आणि भातखाचरं बुडणार होती म्हणून 1921 मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. धरणांविरुद्धच्या जगातल्या सुरुवातीच्या लढ्यांपैकी तो एक आहे. हे पाणी भीमा खोऱ्यात परत द्यावं ही मागणी आजही होते, आणि दुष्काळी वर्षात ती रास्तच वाटते.

पावसाळ्यात मुळशी काठोकाठ भरलं की सांडव्यावरून मुळेत पाणी सोडतात. तेव्हा मात्र पौड, बालेवाडी, बाणेर, औंध, दापोडी या पट्ट्यात मुळेची पातळी वाढते.

टीएमसी आणि क्युसेक म्हणजे काय? बातमीतला आकडा कसा वाचायचा?

टीएमसी हे साठ्याचं माप: एक हजार दशलक्ष घनफूट, म्हणजे सुमारे 2,832 कोटी लिटर. क्युसेक हे प्रवाहाचं माप: सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण 28.3 लिटर.

दोन्ही जोडणारा आकडा पाठच करावा: 11,574 क्युसेक विसर्ग चोवीस तास चालला तर 1 टीएमसी पाणी जातं. सोयीसाठी साडेअकरा हजार धरा.

आता वापरून पाहू. खडकवासल्यातून 35 हजार क्युसेक सोडले आहेत, असं वाचलं. भागाकार केला की दिवसाला सुमारे 3 टीएमसी. खडकवासल्यात मावतंच 1.97. म्हणजे पंधरा-सोळा तासांत एक अख्खं खडकवासला शहरातून वाहून जातंय. इतकं पाणी धरण ‘रोखून’ धरू शकत नाही, हे या एका हिशेबातून कळतं.

दुसरा हिशेब पावसाचा. एका चौरस किलोमीटरवर 1 मिलीमीटर पाऊस म्हणजे 10 लाख लिटर. समजा 100 चौरस किलोमीटरच्या पाणलोटात एका दिवसात 100 मिलीमीटर पाऊस झाला. एकूण पाणी 1,000 कोटी लिटर, म्हणजे 0.35 टीएमसी. जून महिन्यात जमीन तहानलेली असते, यातला मोठा वाटा ती पिते. जुलैअखेर जमीन भिजून चिंब असते, मग बहुतेक सगळं पाणी धरणात येतं. तेवढाच पाऊस जूनमध्ये आणि ऑगस्टमध्ये अगदी वेगळा येवा (धरणात येणारं पाणी) देतो, त्याचं कारण हे.

तिसरा हिशेब शहराच्या वापराचा. दिवसाला 1,500 दशलक्ष लिटर लागणाऱ्या शहराला 1 टीएमसी पाणी साधारण 19 दिवस पुरतं. साठ्याच्या आकड्याला 19 ने गुणून थेट दिवस काढू नका, कारण त्याच साठ्यातून दौंड-इंदापूरकडे जाणाऱ्या 202 किलोमीटरच्या कालव्याला आवर्तनं (शेतीसाठी ठरावीक काळाने सोडलेलं पाणी) द्यायची असतात, आणि बाष्पीभवन वेगळं.

शहरात ऊन असताना नदीला पूर कसा येतो?

पुण्यात वर्षाला सरासरी 700 ते 750 मिलीमीटर पाऊस पडतो. लोणावळ्यात सुमारे 4,000, आणि ताम्हिणीसारख्या घाटमाथ्यावर 5,000 मिलीमीटरच्याही वर. पूर्वेला दौंड-बारामतीकडे तो 500 च्या आसपास येतो. अरबी समुद्रावरून आलेले ढग कड्यावर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिते होतात. पुणे पर्जन्यछायेत आहे.

म्हणून नदीकाठच्या माणसाने खिडकीतून आभाळ पाहून उपयोग नाही. टेमघर, पानशेत, वरसगाव इथल्या पावसाचे आकडे पाहावेत. पाटबंधारे खातं ते रोज जाहीर करतं आणि पावसाळ्यात वर्तमानपत्रांत येतात. टेमघर आणि पानशेत दोन्हीकडे दिवसाला 100 च्या पुढे पाऊस आहे आणि खडकवासला भरलेलं आहे, एवढं दिसलं की विसर्ग वाढणार असं धरूनच चालावं.

विसर्ग वाढल्याची सूचना आली की काय करावं?

आधी अंतर लक्षात घ्या. खडकवासल्यापासून डेक्कनपर्यंत पात्र साधारण तेरा-चौदा किलोमीटर. पाण्याचा वेग सेकंदाला दीड-दोन मीटर धरला तर दोन ते अडीच तास. सिंहगड रस्त्यावरच्या वसाहतींना त्याहूनही कमी वेळ मिळतो. म्हणजे पहाटे चारला वाढवलेला विसर्ग सहाला दारात असू शकतो.

पहिलं काम नदीपात्रातल्या रस्त्यावर आणि बेसमेंटमध्ये उभी केलेली गाडी हलवण्याचं. दुसरं, तळमजल्यावर राहणाऱ्यांनी मीटरच्या खोलीत पाणी शिरण्याआधी मुख्य स्विच बंद करायचा. पाणी शिरल्यावर त्या खोलीत पाऊलही टाकू नये. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद ठेवावी. जमिनीखालच्या टाकीचं झाकण घट्ट करावं, कारण पुराचं पाणी त्यात गेलं की पुढचे आठ दिवस पिण्याच्या पाण्याचा प्रश्न होतो. कागदपत्रं आणि औषधं एका पिशवीत आधीच भरून ठेवलेली असावीत. म्हातारी माणसं आणि आजारी माणसं उजेडातच वर किंवा नातेवाइकांकडे हलवावीत.

पाणी नेहमी समोरून येत नाही. नदीची पातळी वाढली की पावसाळी गटारांतून ते उलटं येतं आणि रस्त्याच्या चेंबरमधून वर येतं. 25 जुलै 2024 ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा रात्रभराचा मुसळधार पाऊस आणि धरणाचा विसर्ग दोन्ही एकत्र आले होते. त्या दिवशी विसर्ग 35 हजार क्युसेकच्या घरात गेला होता.

1961 चा पूर पावसामुळे आला होता का?

पाऊस होता, पण शहर बुडालं ते धरण फुटल्यामुळे. 12 जुलै 1961 ला पानशेतचं मातीचं धरण, ज्याचं काम पूर्ण व्हायचं होतं, ते फुटलं. जवानांनी आदल्या दिवशी आणि रात्री वाळूची पोती रचून ते तग धरावं म्हणून शर्थ केली होती. पानशेतचा लोंढा खडकवासल्यावर आला आणि ब्रिटिश काळातलं ते दगडी धरणही फुटलं. नदीकाठच्या पेठा आणि डेक्कनचा भाग पाण्याखाली गेला. शहराचा नळाचा पाणीपुरवठा ज्यावर होता तेच धरण गेल्यामुळे पूर ओसरल्यावर लोकांना जुन्या विहिरी आणि पेशवेकालीन हौदांकडे वळावं लागलं. दोन्ही धरणं नंतर पुन्हा बांधली गेली.

धरण नसलेल्या ओढ्यांना पूर का येतो?

धरण नाही म्हणूनच. आंबिल ओढा कात्रजच्या डोंगरात सुरू होतो आणि दांडेकर पुलाच्या पुढे मुठेला मिळतो. डोंगर उताराचा, अंतर थोडं. वर ढगफुटीसारखा पाऊस झाला की तास-दीड तासात लोंढा खालच्या वस्तीत. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री हेच झालं. तिथे कोणी दार उघडत नाही, त्यामुळे सूचनाही येत नाही.

लोंढा नेमका अडतो तो रस्त्याखालच्या मोऱ्यांपाशी. वरून झाडं, गाद्या, प्लॅस्टिक, बांधकामाचा राडारोडा येतो, मोरीचं तोंड तुंबतं, पाणी वर चढतं आणि बाजूची सीमाभिंत ढकलून सोसायटीत घुसतं. भिंत आतून टेकू नसलेली असेल तर ती एकदम आडवी होते. म्हणून ओढ्याच्या भिंतीलगत गाड्या लावणं आणि पावसात तिथे उभं राहणं टाळावं.

नानासाहेब पेशव्यांच्या काळात, 1750 च्या सुमारास, याच ओढ्यावर कात्रजला तलाव बांधून भुयारी नळाने शहरात पाणी आणलं होतं. काळा हौद, बदामी हौद ही त्याचीच टोकं. ज्या प्रवाहाने शहराला पाणी पाजलं त्याची रुंदी निम्मी करून आपण त्याला नाला म्हणतो, याचं वाईट वाटतं.

रामनदीचंही तसंच. भुकूम-भूगावच्या वरच्या डोंगरात उगम, बावधन, पाषाण तलाव आणि औंधला मुळेत. विसेक किलोमीटरची नदी, आणि तिच्या काठावर गेल्या तीस वर्षांत उभं राहिलेलं अख्खं उपनगर.

निळी रेषा, लाल रेषा म्हणजे काय? घर घेताना काय तपासावं?

निळी रेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल रेषा म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. 25 वर्षांतून एकदा म्हणजे ‘आला की पुढची 25 वर्षं निर्धास्त’ असं नाही. दरवर्षी चार टक्के शक्यता, असा त्याचा अर्थ. वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात तो पूर एकदा तरी येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते.

तपासणी या क्रमाने करा. महापालिकेच्या विकास आराखड्यावर प्लॉट शोधा आणि दोन्ही रेषा कुठून जातात ते पाहा. मग ‘महाभूनकाशा’ या सरकारी संकेतस्थळावर त्या गटाचा गाव नकाशा काढा. ओढे, नाले त्यावर आखलेले असतात. आज जिथे सपाट पार्किंग दिसतं तिथे नकाशावर ओढा असेल तर तिथून निघालेलं बरं. त्यानंतर पावसाळ्यात, जोराचा पाऊस चालू असताना, जागेवर जा. शेजारच्या जुन्या इमारतीच्या भिंतीवर पाण्याची खूण पाहा आणि तिथल्या वॉचमनला व दुकानदाराला विचारा. विक्री कार्यालयात हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. लहान ओढ्यांची पूररेषा बऱ्याचदा आखलेलीच नसते, त्यामुळे ‘पूररेषेच्या बाहेर’ एवढं उत्तर पुरेसं मानू नका.

किल्ल्यांवर एवढ्या उंचीवर उन्हाळ्यातही पाणी कसं असतं?

सह्याद्रीचा खडक म्हणजे सुमारे 6.5 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर, भाकऱ्यांची चवड रचावी तसे एकावर एक. काही थर कठीण, काळे आणि घट्ट. काही सच्छिद्र, लवकर झिजणारे. दोन थरांच्या मध्ये कधी कधी तांबड्या मातीचा पातळ पट्टा असतो, कड्यावर तो लांबूनही दिसतो. पावसाचं पाणी भेगांतून खाली मुरतं, घट्ट थर किंवा तांबडा पट्टा लागला की आडवं सरकतं आणि कड्याच्या पोटातून झऱ्यासारखं बाहेर येतं.

टाकी खोदणाऱ्यांना हे नेमकं माहीत होतं. त्यांनी झरा जिथे पाझरतो तिथेच कातळ कोरला, तोंड लहान ठेवलं, काहींना आत खांब सोडून छत राखलं. ऊन लागत नाही म्हणून बाष्पीभवन कमी. सिंहगडचं देवटाकं असंच. काही टाकी नुसती पावसाच्या पाण्याची असतात, ती मार्चमध्ये आटतात. भर मे महिन्यात टाक्यातलं पाणी नितळ आणि थंड असेल तर आत जिवंत झरा आहे असं समजा.

मग ते पाणी प्यावं का?

तसंच पिऊ नये. दुहेरी सुती कापडातून गाळा, खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळू द्या. चूल नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या, पाकिटावर लिहिलेल्या मापानेच, आणि अर्धा तास थांबून. पाणी गढूळ असेल तर क्लोरीनचा उपयोग कमी होतो, आधी निवळू द्या. टाक्यात उतरू नका, हातपाय, ताटं धुऊ नका. पाणी बाटलीने काढून दहा पावलं लांब जाऊन वापरा. गडावर राहणाऱ्या कुटुंबांचं पिण्याचं पाणी तेच असतं.

पावसाळ्यात ओढा ओलांडायचा की नाही, हे कसं ठरवायचं?

शंका असेल तर ओलांडायचा नाही. पण शंका कधी यावी, हेही सांगायला हवं.

पाण्याचा रंग बदलला, नितळ पाणी चहासारखं झालं. पाण्यावर पाला, काटक्या, फेस यायला लागला. वरच्या अंगाला घरघर ऐकू आली. मघाशी दिसणारा दगड बुडाला. यांतलं एकही चिन्ह दिसलं तर लगेच काठ चढून वर जायचं. ओढ्याच्या मध्ये बेटासारख्या खडकावर जेवायला बसणं ही सगळ्यात घातक सवय. वरच्या पठारावर पाऊस पडला तर तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही पंधरा-वीस मिनिटांत दोन्ही बाजूंनी पाणी येतं.

गुडघ्याच्या वर वेगाचं पाणी असेल तर तरबेज पोहणाराही वाहून जातो, कारण पाय तळावरून सुटतात. गुडघ्याखालचं पाणी ओलांडताना सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडा, म्हणजे पडलात तर सॅक टाकता येईल. बूट घालूनच ओलांडा. तिघांनी एकमेकांच्या खांद्याला घट्ट धरून, तोंड प्रवाहाकडे करून, एका वेळी एकानेच पाऊल उचलायचं. दोर कमरेला बांधून पाण्यात उतरू नका. पडल्यावर दोर ताणला जातो आणि माणूस पाण्याखाली दाबला जातो.

पाणी चढलं असेल तर थांबा. लहान ओढे पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांत उतरतात. घरी उशिरा पोचाल, एवढंच.

भुशी धरण, देवकुंड, कुंडमळा इथे दरवर्षी अपघात का होतात?

तीन ठिकाणी तीन कारणं. भुशीच्या वरच्या अंगाचा धबधबा एका उतारावरच्या पाणलोटातून येतो, त्यात पाणी क्षणात वाढतं. 30 जून 2024 ला तिथे एकाच कुटुंबातली माणसं मध्यभागी अडकली आणि वाहून गेली. देवकुंडला धबधब्याखालचा डोह खोल आणि थंड आहे, पडणाऱ्या पाण्यामुळे आत ओढ असते. कुंडमळ्याला इंद्रायणीच्या पात्रात रांजणखळगे आहेत: पाण्यासोबत गोल फिरणाऱ्या गोट्यांनी खडकात कोरलेले खोल खड्डे. वरून पाणी घोट्याएवढं दिसतं आणि पुढचं पाऊल थेट खड्ड्यात. तिथला जुना लोखंडी पूल 15 जून 2025 ला गर्दीच्या भाराने कोसळला.

जिल्हाधिकाऱ्यांचा बंदी आदेश असेल तर जाऊ नका. तो आदेश बहुधा आधीच्या मृत्यूंनंतर निघालेला असतो. मदतीसाठी 112.

दरड कोसळण्याआधी काही कळतं का?

बऱ्याचदा कळतं. उतारावर जमिनीला आडवी भेग पडते आणि रोज रुंदावते. झाडं किंवा विजेचे खांब कलतात. दारं-खिडक्या एकाएकी घट्ट बसतात. नेहमीचा झरा अचानक गढूळ होतो किंवा बंद पडतो, नाहीतर नव्याच जागी पाणी फुटतं. सलग दोन-तीन दिवस अतिवृष्टी आणि यांतलं एक लक्षण, एवढं पुरे. रात्र पडायच्या आत घर सोडा. आंबेगाव तालुक्यातलं माळीण 30 जुलै 2014 ला सकाळी दरडीखाली गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली. डोंगर उतारावर सपाटीकरण, रस्त्यासाठी पायथा कापणं, पाण्याच्या वाटा बुजवणं यांनी धोका वाढतो. डोंगरात फार्महाऊससाठी प्लॉट घेणाऱ्यांनी वरच्या उताराकडे आधी पाहावं, समोरच्या दृश्याकडे नंतर.

आळंदीला इंद्रायणीवर फेस का दिसतो? स्नान करावं का?

वरच्या गावांतलं आणि उद्योगांचं सांडपाणी पुरेशी प्रक्रिया न होता नदीत येतं. त्यात साबण आणि डिटर्जंट असतं. बंधाऱ्यावरून पडताना पाणी घुसळलं जातं आणि फेस धरतो. पाणी भरपूर असताना तो पातळ होऊन विरतो, विसर्ग कमी असला की पात्रभर दिसतो. अशा दिवशी स्नान टाळावं, तीर्थ म्हणून तर मुळीच पिऊ नये. त्वचेला जखम असेल तर पायही बुडवू नका. ज्या नदीशी ज्ञानोबा-तुकोबांची नावं जोडलेली आहेत तिची ही अवस्था आपण चालवून घेतो, हे दुःखाचं आहे.

उन्हाळ्यात मुठेत काळं पाणी असतं, ते धरणातून येतं का?

नाही. पावसाळा संपल्यावर खडकवासल्यातलं पाणी जलवाहिन्यांत आणि कालव्यात जातं, नदीत जवळपास काहीच सोडत नाहीत. शहरात दिसतं ते आपल्याच घरांतून गेलेलं सांडपाणी, काही प्रक्रिया केलेलं, काही न केलेलं. जलपर्णी त्यावरच वाढते. ती काढून टाकली तरी सांडपाणी चालू असेपर्यंत पुन्हा येते.

हे पाणी पुढे दौंडवरून उजनीत जातं. तिथून भीमा पंढरपूरला चंद्रभागा होते. आषाढीला वाळवंटात उभं राहून हात जोडताना पुणेकरांना हे माहीत असावं.

पिंपरी-चिंचवडचं पाणी कुठून येतं?

मुख्यतः पवना धरणातून. धरणाचं पाणी नदीतून रावेतपर्यंत येतं आणि तिथल्या बंधाऱ्यातून उचललं जातं. धरणापासून बंद नळ टाकायच्या योजनेला मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला, कारण नदी वाहती राहिली नाही तर काठच्या उपसा योजना आणि विहिरी कोरड्या पडतील ही भीती. 9 ऑगस्ट 2011 ला बऊरजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलनात गोळीबार होऊन तीन शेतकरी गेले. त्यानंतर काम वर्षानुवर्षं ठप्प होतं.

हे सगळं प्रत्यक्ष पाहायचं तर कधी आणि कुठून सुरुवात करावी?

सप्टेंबरचा शेवट ते नोव्हेंबर. पाऊस ओसरलेला, झरे चालू, हवा स्वच्छ, दूरपर्यंत दिसतं. पहिला दिवस सिंहगड: सकाळी लवकर वर जा, उत्तरेला खडकवासल्याचं पाणी आणि दक्षिणेला शिवगंगेचं खोरं एकाच जागेवरून पाहा. दुसरा दिवस लोहगड, इंद्रायणी आणि पवनेसाठी. तिसरा सांगरुण, तिन्ही नद्यांसाठी. एका दिवशी संगम पुलावर आणि त्याच आठवड्यात तुळापूरला जा, पाण्याच्या रंगातला फरक स्वतः पाहा. सोबत भारतीय सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 प्रमाणाचा नकाशा ठेवा. त्यातल्या समोच्च रेषा (समान उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या) जिथे चढाकडे टोक करून वळतात तिथून ओढा वाहतो, आणि उताराकडे टोक करून वळतात ती सोंड. मोबाइलवरचा नकाशा आधी उतरवून घ्या, पानशेतच्या पुढे रेंजचा भरवसा नाही.